त्या दुपारची वकील

प्रश्न : साक्षीदार, तुम्ही व्यवसायाने वकील आहात?
उत्तर : आहे.
प्रश्न : आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे ती बाई तुमची अशील होती?
उत्तर : होती.
प्रश्न : आणि आज तुम्ही सरकार पक्षातर्फे तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला आला आहात.
उत्तर : समन्स आलं म्हणून आले.
प्रश्न : हो की नाही, एवढंच सांगा.
उत्तर : हो.

उलटतपासणी घेत होते तेरवणकर वकील. माझी सनद नवी होती तेव्हा कोर्टात कुठे उभं राहायचं, कुठे वाकायचं आणि शिपायाला काय म्हणायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. एरवी मला 'यामिनी' म्हणतात. त्या दिवशी 'साक्षीदार' म्हणत होते आणि माझ्याऐवजी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते.

पिंजऱ्यात मोमेना. तिच्या पायाशी फरशीवर तिची मुलगी टुनी. आईच्या साडीचं टोक तोंडात धरून बसलेली.

*

मोमेना माझ्याकडे सरकारमार्फत आली.

ज्याला वकील परवडत नाही, जो कोठडीत आहे, त्याला सरकारने आपल्या खर्चाने वकील द्यायचा, असा कायदा आहे. त्या कायद्यात 'नागरिकाला' असं लिहिलेलं नाही. 'व्यक्तीला' असं लिहिलं आहे. आमच्या तालुक्याच्या कोर्टात हा शब्द कोणी नीट वाचला नव्हता, कारण तोवर वाचायची वेळ आली नव्हती. मग पोलिसांनी डोंगरावरच्या चिरेखाणीवर छापा घातला, कागदपत्रं नसलेली सीमेपलीकडची माणसं धरली, आणि त्यांत ही निघाली.

"आपल्या करातून बांगलादेश्यांची वकिली?" वकिलांच्या खोलीत तेरवणकर म्हणाले. "आमच्या वाडीतला माणूस बांधाच्या दाव्यात जन्म घालवतो, त्याला कोणी देतं का वकील? आणि हिला आयता, ताटात वाढून!"

"त्यानेही अर्ज करावा, भाऊ."

"तो इथला आहे गो. त्याला लाज वाटते अर्ज करायची."

सगळे हसले. मीही हसले. मग ठराव झाला : खाणीवरच्या खटल्यांत कोणी उभं राहायचं नाही.

असे सरकारी खर्चाचे वकील नेमणाऱ्या विधी सेवा समितीच्या सचिवांचा फोन आला. "पॅनलवर तुम्ही एकट्याच उरलात, मॅडम. बाकीचे आजारी आहेत."

"सगळे?"

"सगळे."

त्या दिवसापासून मी खोलीत शिरले की कोणीतरी म्हणायचं, "उठा रे, बांगलादेशच्या हायकमिशनर आल्या. खुर्ची द्या."

*

तुरुंगातली पहिली भेट.

"नाव?"

"मोमेना."

"गाव?"

तिने गावाचं नाव सांगितलं. नदीचं सांगितलं. नदी ओलांडून कशी आली तेही सांगायला लागली.

"थांब. हे मला सांगितलंस ते ठीक आहे. कोर्टात बोलू नकोस."

"खोटा बोलू?"

"गप्प बस."

"गप बसाया नाय जमत मला."

खाणीवर चिरे वाहणाऱ्या आमच्याकडच्या बायकांमध्ये ती बोलायला शिकली होती. त्यांच्यासारखीच बोलायची, त्यांच्यासारखीच 'गेलो, आलो' करायची. डोळे मिटून ऐकलं असतं तर खालच्या वाडीतली कुणी बोलतेय असंच वाटलं असतं.

"हे बघ मोमेना, सरकारला सिद्ध करू दे. आपण लढू. वेळ लागेल, पण—"

"वकीलबाय, मला परत धाडूदेत. मी नाय रडत त्याला. माज्या पोरीला माज्यासंगं धाडूदेत. पोर कुठं हाय माजी?"

छाप्याच्या दिवशी टुनी शेजारच्या खोपटात झोपली होती. पोलिसांनी मोठी माणसं नेली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिला जिल्ह्याच्या गावी बालगृहात पोचवलं. तिथे तिच्या नावापुढे लिहिलं गेलं : आईबाप अज्ञात.

आई आमच्या तुरुंगात होती. अज्ञात वगैरे काही नव्हती. शिवाय सहा वर्षांखालचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं, असा नियम आहे, आणि टुनी त्याहून लहान होती. फक्त बालकल्याण समितीचा आदेश हवा होता. मी सचिवांकडे गेले.

"ते वेगळं प्रकरण आहे, मॅडम. तुमची नेमणूक फौजदारी खटल्यापुरती. निकाल लागेपर्यंत."

"आई तीच आहे हो."

"आई तीच. प्रकरण वेगळं."

"मग त्या प्रकरणात नेमा मला."

"अर्ज करू द्या तिला."

"ती तुरुंगात आहे. मुलगी बालगृहात आहे. दोघींपैकी कोणी अर्ज करायचा?"

"मुलगी अज्ञान आहे," सचिव म्हणाले. त्यांनी ते खरोखरच विचार करून म्हटलं.

मी नेमणुकीशिवायच गेले.

*

प्रश्न : बालकल्याण समितीपुढे तुम्ही कोणाच्या वतीने उभ्या राहिलात?
उत्तर : आरोपीच्या.
प्रश्न : तशी तुमची नेमणूक होती?
उत्तर : नव्हती.
प्रश्न : म्हणजे तुम्हाला या बाईबद्दल विशेष आपुलकी होती.
उत्तर : मला राग होता.
प्रश्न : कोणावर?

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. मला उत्तर द्यावं लागलं नाही. यादी मोठी होती.

*

आमच्या कोर्टात एक रीत आहे. सगळ्याच कोर्टांत असेल. दोन ठिकाणी एकाच दिवशी तारीख पडली की आपण एका ठिकाणी जातो आणि दुसऱ्या ठिकाणी एखाद्या मित्राला सांगतो, "जरा उभे राहा." तो उभा राहतो, साहेबांकडून पुढची तारीख घेतो, खाली बसतो. त्याने फाईल वाचलेली नसते. वाचायची नसतेच.

"भाऊ, मोमेनाच्या मॅटरला उभे राहाल? मला समितीपुढे जायचंय. फक्त तारीख घ्या."

"ठरावाचं काय?"

"तारीख मागितल्याने ठराव मोडत नाही."

तेरवणकरांनी चष्मा काढून पुसला. "जा. उभा राहतो. बांगलादेशसाठी नाही हं. तुझ्यासाठी."

मी पहाटेच्या एसटीने गेले.

आणि समितीपुढे बसले, आणि अध्यक्षबाई म्हणाल्या की आई हीच कशावरून, आणि मी फोनमधला मोमेनाचा फोटो दाखवायला गेले तर अध्यक्षबाई म्हणाल्या मला नको, मुलीला दाखवा, आणि टुनीला आणलं, आणि टुनीने फोटो बघितला, उलटा धरून बघितला, फोनच्या मागच्या बाजूला बघितलं, आणि विचारलं, "हिच्या बांगड्या कुनी काढल्या?", आणि अध्यक्षबाईंनी पेन उचललं.

आदेश असा होता : आईवरचा खटला चालू असेपर्यंत मुलीला आईजवळ तुरुंगात ठेवावं, आणि ती अशी आईजवळ आल्यावर पुढे आईला जिथे पाठवलं जाईल तिथे मुलीलाही तिच्याबरोबरच पाठवावं.

तो हातात घेऊन मी परत आले. एसटीत मी एकटीच हसत होते. शेजारच्या माणसाने पिशवी उचलून दुसरी जागा धरली.

*

"सोडवली तुझी बाई!"

तेरवणकर कोर्टाच्या पायऱ्यांवर माझी वाट बघत उभे होते. इतके खूश मी त्यांना त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"म्हणजे?"

"अगं, साहेबांची बदली झालीय. आज शेवटचा दिवस. मूड चांगला. म्हणाले, तेरवणकर, कबूल करतेय का, तर भोगलेल्या मुदतीवर सोडतो. मी म्हटलं, बिचारी किती दिवस सडणार? तिला जाऊन विचारलं. हो म्हणाली. पाच मिनिटांत काम."

कोर्टाच्या कागदावर ते असं उतरलं आहे :

*आरोपीस दोषारोप वाचून व समजावून सांगण्यात आला. आरोपीने स्वखुशीने गुन्हा कबूल केला.*

प्रत्यक्षात ते असं झालं :

"ए बाय, हो म्हण. सुटशील."

"सुटलो तर पोर भेटंल?"

"सुटल्यावर सगळं भेटतं."

"हो."

"भाऊ," मी म्हणाले, "मी तारीख मागायला सांगितलं होतं."

"तारीख काय कोणीही मागतो! मी निकाल घेऊन दिला तुला."

मी आदेश त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला. 'खटला चालू असेपर्यंत' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

"चालू नाही आता," ते म्हणाले.

"नाही."

"मागे घेता येतं का काही?"

"कबुली दिल्यावर अपील नाही. तुम्हीच शिकवलंत मला."

मी सचिवांना फोन लावला. ते म्हणाले, अभिनंदन, मॅडम. मग म्हणाले, निकाल लागला ना, मग नेमणूक संपली, तुम्ही अहवाल पाठवून द्या. बालकल्याण समितीला फोन लावला. अध्यक्षबाई निघून गेल्या होत्या. पुढची बैठक पुढच्या आठवड्यात. पोलीस ठाण्यात फोन लावला. बाईला आज संध्याकाळच्या गाडीने सीमेकडे रवाना करायचं आहे, म्हणाले.

सगळे सभ्यपणे बोलले. कोणी एकानेही फोन आपटला नाही. आपटला असता तर बरं वाटलं असतं.

*

ठाण्यात मोमेना बाकावर बसली होती. बेडी नव्हती. पड्याळबाई हवालदारांनी तिला चहा दिला होता आणि स्वतःच्या डब्यातली घावनंही. पड्याळबाई चांगल्या होत्या. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं ते त्यांनाच झालं.

"सुटलो ना, वकीलबाय!" मोमेना हसत उठली. "टुनीला कवा आनताय?"

मी तिला खाली बसवलं. सगळं सांगितलं. समितीचा आदेश, त्यातली अट, सकाळची कबुली, संध्याकाळची गाडी. दोनदा सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती, खाणीवर मुकादम दिवसाचं काम सांगतो ते ऐकावं तशी.

"म्हंजे मी सकाळी हो नाय बोल्लो असतो तर टुनी आली असती?"

"आली असती."

"त्या दादानं तर चांगल्यासाठी सांगितलान."

"चांगल्यासाठीच."

"आनि आता?"

"आता तुझ्यावर केस नाही. केस नाही म्हणून तुरुंग नाही. तुरुंग नाही म्हणून टुनीला तुझ्याकडे आणता येत नाही. तू जाशील, ती इथे राहील. मी पत्रं लिहीन, अर्ज करीन. पण खरं सांगते, तिकडून तुझ्यापर्यंत तिला पोचवायला किती वर्षं लागतील, मला माहीत नाही."

"गुन्हा नाय म्हनून पोर नाय," मोमेना म्हणाली.

ती विचारत नव्हती. तिला समजलं होतं. दहा वर्षं वकिली केलेल्या माणसाला जे एका वाक्यात मांडता आलं नसतं ते तिने मांडलं, आणि मला त्याचं कौतुक वाटण्याऐवजी चीड आली. सगळ्यांची. तिचीसुद्धा.

मग मी तिला म्हणाले,

 

 

ती म्हणाली, "बरां."

तिने चहा संपवला. पेला खाली ठेवला. उठली. टेबलाशी वाकून काहीतरी लिहीत असलेल्या पड्याळबाईंच्या जवळ गेली आणि त्यांच्या थोबाडीत मारली.

*

प्रश्न : पहिल्यांदा मारल्यावर हवालदार पड्याळ काय म्हणाल्या?
उत्तर : "असू दे" म्हणाल्या.
प्रश्न : सविस्तर सांगा.
उत्तर : म्हणाल्या, "असू दे मॅडम, डोकं फिरलंय बिचारीचं. पोर राहिलीय ना मागे. मला काही लागलं नाही."
प्रश्न : त्यांना तक्रार करायची नव्हती.
उत्तर : नव्हती.
प्रश्न : मग तुम्ही काय म्हणालात?
उत्तर : तक्रार करा म्हणाले.
प्रश्न : कोणाविरुद्ध?
उत्तर : मोमेनाविरुद्ध.
प्रश्न : तुमच्याच अशिलाविरुद्ध?
उत्तर : हो.

तेरवणकरांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

*

"गुन्हा दाखल करा," मी पड्याळबाईंना म्हणत होते. "कामावरच्या पोलिसावर हात उचललाय तिने. गंभीर आहे हे."

"अहो, कशाला? आज जातेय ती."

"तरी करा."

"माझी बदली आलीय, मॅडम. घराजवळ मिळालीय. आता साक्षीसाठी कुठे हेलपाटे घालू? आणि लागलंय कुठे?" त्या गाल चोळत चक्क हसल्या. "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात हो?"

मला रडू यायला लागलं. एका चांगल्या बाईच्या चांगुलपणापुढे मी हात जोडून उभी होते आणि ती आपली क्षमाच करत सुटली होती. सकाळी तेरवणकरांनी दया दाखवली होती. आता ही. या बाईला थोडी कमी माया मिळाली असती तर तिची पोर तिला मिळाली असती.

"नाय लागला?" मोमेनाने मागून विचारलं.

टेबलावर लाकडी रूळ होता. मी तिला तो उचलताना पाहिलं. ओरडायला वेळ होता. मी ओरडले नाही.

दुसऱ्यांदा लागलं. भुवईच्या वर. रक्त इतक्या पटकन खाली आलं की पड्याळबाई क्षणभर आपल्या हातांकडेच बघत राहिल्या, हे कुठून सांडलं म्हणून.

मग सगळे धावले. मग ठाण्याचे साहेब बाहेर आले. मग गुन्हा दाखल झाला, आणि संध्याकाळच्या गाडीत मोमेना नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा तुरुंगात नेलं. समितीचा आदेश घेऊन मी तुरुंगाच्या फाटकाशी गेले. आईवर खटला चालू होता. कोणता खटला, हे आदेशात लिहिलेलं नव्हतं. तुरुंगाधिकाऱ्यांनी दोनदा वाचला आणि टुनीला आत घेतलं.

पड्याळबाईंना टाके पडले होते. मी दवाखान्यात भेटायला गेले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

*

खटला वर्षभर रखडला. मोमेनाला पुन्हा सरकारी खर्चाने वकील द्यायचा होता. मी तर आता प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, म्हणजे मी बाद. पॅनलवरचे पुन्हा आजारी पडले. तेरवणकर ठराव-बिराव काही न बोलता सचिवांकडे गेले आणि म्हणाले, मला नेमा.

आणि त्यांनी जीव तोडून काम केलं. तीच पंचाईत झाली. जामिनाचा अर्ज केला. फेटाळला गेला तेव्हा मी देवासमोर दिवा लावला. मी साक्षीदार, त्यांना काही सांगू शकत नव्हते. ते पापक्षालन करायला निघाले होते. मोमेनाने मारलं ते कोणाच्या तरी चिथावणीवरून, एवढं दाखवता आलं तर ती निर्दोष सुटेल, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यामुळे ते त्या प्रश्नाकडे चालले होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून मला तो येताना दिसत होता.

प्रश्न : मारण्याच्या आधी तुम्ही आरोपीशी बोलत होता.
उत्तर : हो.
प्रश्न : बोलणं संपताच ती उठली आणि तिने मारलं.
उत्तर : हो.
प्रश्न : तुम्ही तिला काय सांगितलंत?

पंख्याचा आवाज येत होता. उत्तर दिलं असतं तर पुढचं सरळ होतं : मारहाण हा बनाव, तुरुंगवास हा बनाव, त्यावर उभा असलेला आदेश रद्द. टुनी बालगृहात. मोमेना गाडीत. एकटी.

"ते मी सांगू शकत नाही," मी न्यायाधीशबाईंना म्हणाले. "वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं आहे. तिच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही."

सरकारी वकील उठले. त्यांनी नेमणुकीचं पत्र वाचून दाखवलं. 'निकालापर्यंत.' निकाल त्या दिवशी सकाळीच लागला होता. "दुपारी ही बाई आरोपीची वकील नव्हतीच. हे बोलणं दोन सामान्य स्त्रियांमधलं आहे. उत्तर द्यायलाच हवं."

न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "दुपारी तुम्हाला कोणी नेमलं होतं?"

"नाही."

"फी कोण देणार होतं?"

"कोणी नाही."

"मग कोणत्या नात्याने वकील म्हणवता?"

कायदा मला पाठ होता. फी नसली तरी नातं असतं, हे मला मांडता आलं असतं. पण मी मोमेनाकडे बघितलं. तेरवणकर हातातल्या कागदाकडे बघत उभे होते. त्यांना आता कळलं होतं, आपण काय विचारलं ते.

न्यायाधीशबाई आरोपीच्या पिंजऱ्याकडे वळल्या. "बाई, तुला कळतंय काय चाललंय? ही त्या दिवशी दुपारी तुझी वकील होती का?"

टुनीने साडीचं टोक तोंडातून काढलं. मोमेनाने माझ्याकडे बघितलं नाही.

"सरकारनं दिलेली सकाळी संपली, सायेब," ती म्हणाली. "दुपारी आली ती माजी."

"तिने काय सांगितलं ते सांगू द्यायचं का तिला?"

"नको."

न्यायाधीशबाई लघुलेखकाला म्हणाल्या, "लिहा. प्रश्न नाकारला."

तेरवणकर म्हणाले, "आणखी काही विचारायचं नाही." आणि बसले.

*

शिक्षा झाली. जेवढी झाली तेवढी भोगून झालेलीच होती. गाडी तुरुंगाच्या फाटकाशी आली. आदेशात 'मुलीलाही तिच्याबरोबरच' असं होतं. दोन नावं पुकारली गेली.

टुनी यायला तयार नव्हती. तिला तुरुंग आवडत होता. आत तिच्या मैत्रिणी होत्या, एक मांजर होती, भाकरी भाजणाऱ्या बायका तिला पहिला पापुद्रा द्यायच्या. तिने फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरला आणि बोंब ठोकली. पोलीस हसायला लागले. मी पुढे झाले, समजावायला.

मोमेनाने मला बाजूला सारलं. पोरीची बोटं एकेक करून सोडवली, पाठीत एक धपाटा घातला, तिला कडेवर घेतलं आणि गाडीत चढली.